जास्वंद आणि क्लॅमिडोमोनास : तुलना करायची तर कशाची कशाशी?

हिरवी वही (प्रश्न)

जीवशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत एक प्रश्न हमखास भेटतो : एखादे सपुष्प झुडूप आणि गोड्या पाण्यातले एकपेशीय शैवाल यांची तुलना करा. झुडूप म्हणून बहुतेकदा जास्वंद घेतलेली असते आणि शैवाल म्हणून क्लॅमिडोमोनास. उत्तरादाखल दोन रकान्यांचा तक्ता असतो. डाव्या बाजूला ‘बहुपेशीय, मूळ, खोड, पान असे अवयव, फुले येतात, एका जागी स्थिर’, आणि उजव्या बाजूला ‘एकपेशीय, अवयव नाहीत, फुले येत नाहीत, पाण्यात पोहते’. साम्याच्या नावाखाली ‘दोघांतही हरितद्रव्य असते’ एवढी एकच ओळ.

मी विद्यार्थ्यांसाठी वनस्पतिशास्त्राचे पूरक पाठ लिहिते आणि या तक्त्याने माझे समाधान होत नाही. उजवा रकाना जवळजवळ सगळा ‘नाही’ने भरलेला आहे. त्यावरून क्लॅमिडोमोनास म्हणजे सगळे काही वजा केलेली जास्वंद, असा समज होतो. प्रत्यक्षात हा जीव अन्न तयार करतो, क्षार शोषतो, प्रतिकूल काळ निभावून नेतो आणि प्रजननही करतो. म्हणजे मूळ, पान आणि फूल जी कामे करतात त्यांतली बरीचशी त्याला करावी लागतातच. मग तुलनेचे एकक कोणते धरावे? संपूर्ण झुडूप आणि एक पेशी, की पानातली एक पेशी आणि ही एक पेशी? दुसरे असे, की काही वर्गीकरणांत क्लॅमिडोमोनास वनस्पतींत येते आणि काहींत अमीबाच्या शेजारी आदिजीवांत. जास्वंदीशी त्याचे नाते नक्की किती जवळचे आहे, आणि त्याला जास्वंदीचा पूर्वज म्हणता येईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. तपशील जितका नेमका, तितका तो पाठासाठी उपयोगी पडेल.

सूक्ष्मदर्शी

सुरुवात आकारापासून करावी असे मला वाटते, कारण आपल्या तक्त्यातले निम्मे फरक त्यातूनच निघतात. क्लॅमिडोमोनास राइनहार्टी ही प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरली जाणारी जाती. तिची पेशी सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढी असते. जास्वंदीचे झुडूप दोन-तीन मीटर सहज वाढते. लांबीत दोन-तीन लाख पटींचा फरक पडला की भौतिकीचे नियम तेच राहतात, मात्र त्यांतला कोणता नियम जाचक ठरतो ते पार बदलते.

रेणूंचे विसरण, म्हणजे त्यांचे आपोआप पसरत जाणे, घ्या. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्थिर पाण्यात ऑक्सिजनचा रेणू १० मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या काही शतांश भागात ओलांडतो. एक मीटर जायला त्याच रेणूला सरासरी आठ वर्षांच्या आसपास लागतील, आणि साखरेच्या रेणूला तीस वर्षे. क्लॅमिडोमोनासच्या पेशीतला कोणताही बिंदू बाहेरच्या पाण्यापासून पाच मायक्रोमीटरपेक्षा दूर नसतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड, नायट्रेट, फॉस्फेट हे सगळे पेशीच्या पृष्ठभागातून थेट आत येऊ शकते. या जीवाला मूळ नाही ते यासाठी, की त्याचा संपूर्ण पृष्ठभागच शोषणाचे काम करतो. जास्वंदीच्या शेंड्याकडच्या पानाला मात्र जमिनीतले पाणी जलवाहिन्यांतूनच मिळावे लागते आणि पानात तयार झालेली साखर रसवाहिन्यांतूनच मुळापर्यंत जावी लागते. वाहक ऊतींना प्रगतीचे लक्षण म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. मोठ्या शरीराला त्यांच्यावाचून गत्यंतर नसते, इतकेच.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावी. जास्वंदीच्या खोडात ज्या जलवाहिन्यांतून पाणी चढते, त्या पेशी काम सुरू होण्यापूर्वीच मेलेल्या असतात. त्यांतला जीवद्रव्याचा भाग नाहीसा होतो आणि लिग्निनने कठीण झालेल्या भित्तिकांच्या पोकळ नळ्या तेवढ्या उरतात. झुडपाच्या रचनेत पेशींचे ठरलेल्या वेळी मरणे हा बांधकामाचाच भाग आहे. एकपेशीय जीवाला ही सोय नाही, कारण तिथे पेशी मेली की जीवच संपला.

पाण्याचा प्रश्न दोघांनाही आहे, पण उलट बाजूंनी. गोड्या पाण्यात पेशीच्या आत क्षार अधिक आणि बाहेर कमी, म्हणून परासरणाने पाणी सतत आत शिरत राहते. क्लॅमिडोमोनासच्या पुढच्या टोकाशी, कशाभिकांच्या (पोहण्याच्या चाबकासारख्या दोन शेपट्यांच्या) बुडापाशी, दोन आकुंचनशील रिक्तिका, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या पिशव्या, असतात. त्या आळीपाळीने भरतात आणि दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने रिकाम्या होतात. चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली हे प्रत्यक्ष दिसते : स्वच्छ, वाटोळा ठिपका हळूहळू मोठा होतो आणि एकाएकी नाहीसा होतो, तेवढ्यात शेजारचा वाढू लागलेला असतो. जास्वंदीच्या पेशीत असा पंप नाही. तिथे सेल्युलोजची मजबूत भित्तिका आत शिरू पाहणाऱ्या पाण्याला दाबून धरते, आणि त्या दाबावरच पान ताठ उभे राहते. दुपारच्या उन्हात पाने मरगळतात ती हा दाब उतरल्यामुळे. म्हणजे जे जास्तीचे पाणी शैवालाला बाहेर फेकावे लागते, त्याच्याच जोरावर झुडपाची कोवळी फांदी उभी असते.

पोहण्याविषयीही तक्त्यात एका शब्दापलीकडे काही नसते. दोन कशाभिका साधारण पेशीइतक्याच लांब असतात आणि सेकंदाला पन्नासच्या आसपास फटके मारतात. त्यांची हालचाल माणसाच्या ब्रेस्टस्ट्रोकसारखी दिसते. वेग सेकंदाला शंभर मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक, म्हणजे सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर. पोहताना पेशी स्वतःच्या अक्षाभोवती सेकंदाला सुमारे दोनदा फिरते. हरितलवकाच्या कडेला असलेला नारिंगी-तांबडा नेत्रबिंदू त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात सगळ्या दिशा चाचपून घेतो. त्यातल्या कॅरोटिनॉइडच्या थरांमुळे एका बाजूचा उजेड अडतो आणि दुसऱ्या बाजूचा प्रकाशग्राहकावर पडतो, त्यामुळे उजेड कुठून येतो ते पेशीला कळते. उजेड मंद असेल तर ती त्याच्या दिशेने जाते आणि फार प्रखर असेल तर पाठ फिरवते.

पालवी

सूक्ष्मदर्शी यांचा प्रतिसाद संपूर्ण झुडूप आणि एक पेशी अशा तुलनेचा आहे आणि तो पटतो. मी प्रश्नातली दुसरी वाट धरते, ती म्हणजे पानातल्या एका पेशीची या पेशीशी तुलना. माझ्या मते खरी गंमत तिथे आहे आणि पाठ्यपुस्तके नेमके तेच सोडून देतात.

जास्वंदीच्या पानाचा वरचा थर सोलला की खाली उभ्या, लांबट पेशींची दाट रांग असते. प्रत्येकीत भिंगाच्या आकाराची अनेक हरितलवके असतात. क्लॅमिडोमोनासमध्ये हरितलवक एकच, पण पेशीचा बराचसा भाग व्यापणारे आणि पेल्याच्या आकाराचे. दोन्हींत हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन्ही प्रकार आहेत, दोन्हींत स्टार्च हरितलवकाच्या आतच साठतो आणि कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर, म्हणजे रुबिस्को, तेच आहे. साम्य एका ओळीत संपणारे नाही, हे एवढ्यावरूनही दिसावे.

फरक पडतो तो या विकराला कार्बन डायऑक्साइड पोहोचवण्याच्या रीतीत. रुबिस्को संथ आहे आणि चुकून ऑक्सिजनही पकडते. जास्वंद ही सी-३ वनस्पती, म्हणजे कार्बन डायऑक्साइड थेट रुबिस्कोकरवीच पकडणारी, असल्याने तिच्यात या दोषावर वेगळा उपाय नाही. पर्णरंध्रे उघडून हवा आत घ्यायची आणि त्या बदल्यात पाणी गमवायचे, एवढेच तिच्या हाती आहे. पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असते, त्यामुळे तेवढ्यावर शैवालाचे भागले नसते. ते बायकार्बोनेट पंपाने आत खेचते, विकरांकरवी त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड करते आणि तो पायरेनॉइड नावाच्या घट्ट गोळ्यात सोडते. बहुतेक सगळे रुबिस्को तिथेच दाटीने भरलेले असते आणि गोळ्याभोवती स्टार्चच्या पातळ चकत्यांचे कवच असते. कार्बन पकडण्याची ही यंत्रणा जास्वंदीच्या पानापेक्षा सरस आहे. पिकांत पायरेनॉइड आणता येईल का, यावर गंभीरपणे संशोधन चालू आहे ते त्याचमुळे.

दुसरा फरक मला त्याहून बोलका वाटतो. झुडपाची फूट पूर्ण अंधारात वाढू दिली तर ती फिकट पिवळी निघते, कारण सपुष्प वनस्पतींत हरितद्रव्य तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यांपैकी एकाला प्रकाश लागतोच. क्लॅमिडोमोनासला ॲसिटेट दिले तर ते अंधारात वाढते आणि हिरवेच राहते. अंधारात हे काम करणारे दुसरे विकर त्याच्यापाशी आहे. सपुष्प वनस्पतींच्या पूर्वजांकडेही ते होते. पुढे त्याची जनुके या शाखेतून गळाली. म्हणजे आपल्या तक्त्यातला ‘नाही’ इथे डाव्या रकान्यात लिहावा लागेल.

भित्तिकेबद्दलही एक खुलासा. ‘दोघांनाही पेशीभित्तिका असते’ हे वाक्य खरे आहे, पण दिशाभूल करणारे आहे. जास्वंदीच्या भित्तिकेचा सांगाडा सेल्युलोजचा असतो, तर क्लॅमिडोमोनासच्या भित्तिकेत सेल्युलोज नसतेच. ती हायड्रॉक्सिप्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेल्या ग्लायकोप्रथिनांची (शर्करा जोडलेल्या प्रथिनांची) असते.

आणि उजेडाविषयी. दोघांतही फोटोट्रॉपिन नावाचा निळ्या प्रकाशाचा ग्राहक आहे. झुडपात तो फांदीला उजेडाकडे वळवतो आणि हरितलवकांना पेशीच्या आत जागा बदलायला लावतो. शैवालात त्याचा संबंध लैंगिक चक्राच्या टप्प्यांशी आहे. सपुष्प वनस्पतींत लाल प्रकाश ओळखणारा फायटोक्रोम क्लॅमिडोमोनासमध्ये नाही. उलट त्याच्या नेत्रबिंदूपाशी असलेले चॅनेल-रोडॉप्सिन कोणत्याही झुडपात नाही. प्रकाश पडताच आयनांना वाट करून देणारी ही प्रथिने २००२ आणि २००३ साली ओळखली गेली. २००५ पर्यंत त्यांचे जनुक उंदराच्या चेतापेशींत घालून त्या पेशी उजेडाने चालू करता येतात, हे दाखवले गेले. चेताविज्ञानातली ऑप्टोजेनेटिक्स ही शाखा या शैवालाच्या नेत्रबिंदूतून उगवली, असे म्हटले तर फारसे वावगे ठरणार नाही.

हिरवी वही

दोघांचेही आभार. तुलनेचे एकक एकच धरायला हवे असे नाही, हे आता स्पष्ट झाले. प्रजननाचा भाग मात्र अजून कोरा आहे. ‘फुले येतात / फुले येत नाहीत’ या ओळीच्या जागी काय लिहावे? क्लॅमिडोमोनासमध्ये फुलाच्या किंवा बीजाच्या जागी धरता येईल असे काही आहे का?

बीजांड

फुलाच्या जागी काही नाही, पण फुलात जे घडते त्यातला गाभा दोघांतही आहे. त्यासाठी आधी गुणसूत्रांच्या संचांकडे पाहावे लागते, कारण या दोन जीवांचा सगळ्यात खोल फरक माझ्या मते तिथे आहे.

क्लॅमिडोमोनासची रोजची, पोहणारी, प्रकाशसंश्लेषण करणारी पेशी एकगुणित असते. राइनहार्टी जातीत १७ गुणसूत्रांचा एकच संच. दोन पेशींचे मीलन होऊन बनणारा युग्मनज तेवढा द्विगुणित, आणि तोही पुढे अर्धसूत्री विभाजन करून पुन्हा एकगुणित पेशी देतो. जास्वंदीत नेमके उलटे आहे. आपण जिला झुडूप म्हणतो ती मुळापासून पाकळीपर्यंतची सगळी काया युग्मनजापासून वाढलेली असते. बागेतल्या अनेक प्रकारांत तर गुणसूत्रांचे दोनाहून बरेच अधिक संच असतात. निम्म्या संचांची अवस्था परागकणात आणि बीजांडातल्या भ्रूणकोशात, मोजक्या पेशींपुरती उरलेली असते. म्हणून ‘क्लॅमिडोमोनासची पेशी म्हणजे जास्वंदीची एक पेशी’ हे समीकरण काटेकोरपणे पाहिले तर जुळत नाही. गुणसूत्रचक्रात शैवालाच्या पेशीशी जोडी लावायची तर ती पानातल्या पेशीशी न लावता परागकणातल्या पेशीशी लावावी लागेल.

आता क्रम पाहा. पोषण पुरेसे असेल तोवर शैवाल अलैंगिक रीतीने वाढते. दिवसा पेशी फुगत जाते आणि रात्री कशाभिका आत घेऊन एकापाठोपाठ दोन-तीन विभाजने करते. त्यातून मातृपेशीच्या जुन्या भित्तिकेच्या आत चार किंवा आठ कन्यापेशी तयार होतात आणि एक विकर ती भित्तिका विरघळवून त्यांना मोकळे करते. नायट्रोजन संपला की काही तासांत याच पेशी युग्मके, म्हणजे मीलन करणाऱ्या पेशी, होतात. त्यांत नर आणि मादी असा डोळ्यांना दिसणारा फरक नसतो. आकार सारखाच, फक्त ‘अधिक’ आणि ‘उणे’ असे दोन प्रकार. विरुद्ध प्रकारांच्या कशाभिका एकमेकींना चिकटतात, दोन्ही पेशी आपापल्या भित्तिका टाकून देतात आणि एकरूप होतात. थोडा वेळ ही जोडपेशी चार कशाभिकांनी पोहत राहते. मग कशाभिका जातात, भोवती जाड भित्तिका चढते आणि कोरडेपणा सोसू शकणारा सुप्त युग्मनज तयार होतो. उजेड आणि नायट्रोजन परत मिळाले की त्यातून बहुधा चार पेशी बाहेर पडतात.

बीजाशी तुलना करायचीच असेल तर ती या युग्मनजाशी करावी, तीही अर्धीच. प्रतिकूल काळ काढणे हे काम दोघांचे समान आहे, पण बीजात भ्रूण, त्याच्यासाठी साठवलेले अन्न आणि मातृवनस्पतीचे आवरण असते, तर युग्मनज ही एकच पेशी असते. बागेतल्या जास्वंदीच्या अनेक प्रकारांना बी क्वचितच धरते आणि त्या छाट कलमांनीच वाढवल्या जातात, हेही पाठात यावे. अलैंगिक वाढ ही काही फक्त शैवालाची मिरास नाही.

जास्वंदीचे फूल हातात घेऊन पाहिले तर तिची अडचण चटकन लक्षात येते. पाच पाकळ्यांमधून पुंकेसरांची एकजीव झालेली नळी बाहेर येते, तिच्यावर परागकोशांचे गुच्छ असतात आणि तिच्यातूनच आलेल्या कुक्षिवृंताच्या टोकाला पाच गोलसर कुक्षी असतात. परागकण कुक्षीवर पडला तरी बीजांड काही सेंटीमीटर खाली, वृंताच्या तळाशी असते. पोहण्यासाठी पाणी नाही आणि पोहणारी पेशीही नाही. परागनलिका वृंताच्या आतून वाढत जाते आणि न पोहणाऱ्या दोन पुंपेशींना वाहून नेते. एक पुंपेशी अंडपेशीशी एकरूप होते, दुसरी मध्यपेशीशी मिळून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला अन्न पुरवणारी ऊती, बनवते. हे दुहेरी फलन प्रथम १८९८ साली नवाशिन यांनी लिलीच्या वर्गातल्या वनस्पतींत पाहिले.

आणि तरीही एकरूप होण्याचा शेवटचा क्षण दोघांत जवळजवळ सारख्याच हत्याराने साधला जातो. हॅप-२ नावाचे प्रथिन सपुष्प वनस्पतींच्या पुंपेशींवर असते आणि क्लॅमिडोमोनासच्या ‘उणे’ युग्मकांवरही. ते नसेल तर पेशी एकमेकींना चिकटतात, पण मिसळत नाहीत. मलेरियाच्या परजीवीतही तेच आहे. त्यामुळे हे हत्यार शैवाल आणि झुडूप यांच्या समाईक पूर्वजाहूनही जुने ठरते.

आणखी एक साम्य हरितलवकाच्या वारशाचे. बहुसंख्य सपुष्प वनस्पतींत हरितलवकातला डीएनए आईकडूनच पुढे जातो. क्लॅमिडोमोनासमध्ये आई-बाप असे काही नाही, तरी तो डीएनए ‘अधिक’ पालकाकडूनच येतो. रूथ सेजर यांनी १९५४ साली स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणाऱ्या पेशींवर प्रयोग करून अशा एकतर्फी वारशाचा पहिला दुवा याच शैवालात दाखवला. तंतुकणिकांचा (मायटोकाँड्रियांचा) डीएनए मात्र ‘उणे’ पालकाकडून येतो, त्यामुळे एकाच मीलनात पेशीची ही दोन अंगके दोन वेगळ्या पालकांकडून येतात.

वंशवेल

नात्याचा प्रश्न उरला आहे, त्यावर लिहितो. क्लॅमिडोमोनास जास्वंदीचा पूर्वज नाही. दोघेही आज जगणारे जीव आहेत आणि त्यांचा समाईक पूर्वज ढोबळमानाने शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या काळात होऊन गेला. तिथून हिरव्या वनस्पतींच्या दोन मोठ्या शाखा फुटल्या. एकीत क्लॅमिडोमोनास, व्हॉल्व्हॉक्स आणि समुद्रातले उल्वा येतात. दुसरीत कारा, स्पायरोगायरा आणि जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती, म्हणजे शेवाळींपासून (मॉसपासून) जास्वंदीपर्यंत सर्व.

याचा परिणाम पाठ्यपुस्तकी सवयीला धक्का देणारा आहे. स्पायरोगायरा आणि क्लॅमिडोमोनास आपण ‘हिरवी शैवाले’ म्हणून एका पानावर शिकवतो, पण वंशाच्या दृष्टीने स्पायरोगायरा क्लॅमिडोमोनासपेक्षा जास्वंदीला जवळचे आहे. ही दुफळी पेशीविभाजनाच्या रीतीतही दिसते. जास्वंदीची पेशी दुभागताना दोन केंद्रकांच्या मध्ये सूक्ष्मनलिका विभाजनाच्या पातळीला काटकोनात उभ्या राहतात आणि त्यांच्या आधाराने नवी भित्तिका मधूनच बाहेर पसरते. क्लॅमिडोमोनासमध्ये सूक्ष्मनलिका त्या पातळीला समांतर असतात आणि पेशी कडेकडून आत चिरली जाते.

अमीबाच्या शेजारी क्लॅमिडोमोनास आले ते व्यवस्थेच्या सोयीने. सजीवांना पाच सृष्टींत विभागणारी पंचसृष्टी पद्धत १९६९ साली व्हिटेकर यांनी मांडली. तिच्या पुढच्या, पुस्तकांत रुळलेल्या रूपांत एकपेशीय आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक) असलेले जे काही उरले ते प्रोटिस्टांत, म्हणजेच आदिजीवांत, ठेवले गेले. नात्याचा विचार केला तर प्रोटिस्टा हा एक वंश नाहीच. पाठात ‘क्लॅमिडोमोनास हरित वनस्पतींच्या वंशातले एकपेशीय शैवाल आहे’ असे लिहावे आणि सृष्टीचे नाव त्या-त्या पद्धतीनुसार द्यावे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती कशाभिकांची गोष्ट. क्लॅमिडोमोनासच्या कशाभिकेचा आडवा छेद घेतला तर कडेने नऊ दुहेरी नळ्या आणि मध्ये दोन, अशी रचना दिसते. माणसाच्या श्वासनलिकेतल्या पक्ष्माभिकांची (सूक्ष्म हलत्या केसांची) आणि शुक्रपेशीच्या शेपटीची रचनाही हीच. ती जीवसृष्टीत फार जुनी आहे. शेवाळी आणि नेचे यांच्या पुंपेशी अजून पोहतात. सायकस आणि गिंको यांच्याही पोहतात. गिंकोतल्या पोहणाऱ्या पुंपेशी १८९६ साली हिरासे यांनी पाहिल्या. सपुष्प वनस्पतींनी मात्र ही रचना पूर्णपणे टाकून दिली आहे. त्यामुळे कशाभिकेपुरते पाहिले तर क्लॅमिडोमोनास जास्वंदीपेक्षा आपल्याशी अधिक जुळते. कशाभिकेच्या आत प्रथिनांची दुतर्फा ने-आण होते हे १९९३ साली याच शैवालात दिसले. पुढे त्याच वाहतुकीतल्या एका जनुकाचा बिघाड उंदरांतल्या मूत्रपिंडाच्या गाठींच्या विकाराशी जोडला गेला. २००७ साली या शैवालाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात वनस्पतींशी जुळणारी हरितलवकाची जनुके आणि प्राण्यांशी जुळणारी कशाभिकेची जनुके शेजारी-शेजारी सापडली.

बहुपेशीयता म्हणजे झुडपाने गाठलेली आणि शैवालाला न जमलेली मजल, असाही सूर पाठात नसावा. क्लॅमिडोमोनासच्या सख्ख्या नात्यातले व्हॉल्व्हॉक्स बहुपेशीय आहे आणि त्याने ती वाट जमिनीवरच्या वनस्पतींशी काहीही संबंध नसताना स्वतंत्रपणे काढली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्लॅमिडोमोनासला पॅरामिशियमसारख्या भक्षकासोबत वर्षभराच्या आसपास वाढवले, तेव्हा पाचपैकी दोन गटांत पेशी गुच्छ करून राहू लागल्या.

खडूफळा

माहिती उत्तम आहे, पण शालेय विद्यार्थ्याला हे सगळे पेलणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे. हॅप-२ किंवा पायरेनॉइडमधल्या पंपांची नावे त्याच्या माथी मारू नयेत. माझ्या मते पाठात आकार आणि विसरणाचे गणित, आकुंचनशील रिक्तिका आणि ताठ पान यांची जोडी, आणि दोघांच्या जीवनचक्राच्या दोन आकृत्या एवढे आले तरी पुरे. तक्ता ठेवायचा असेल तर रकान्यांत अवयवांऐवजी कामे लिहावीत, म्हणजे पाणी कसे घेते, जास्तीचे पाणी कसे हाताळते, उजेड कसा शोधते, वाईट काळ कसा काढते. मग ‘नाही’ हा शब्द आपोआप कमी होतो. ‘गोड्या पाण्यातले’ हे विशेषणही जरा सैल ठेवावे, कारण क्लॅमिडोमोनास ओल्या मातीतही राहते. राइनहार्टी जातीचे आज जगभर वापरले जाणारे प्रमुख वाण १९४५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टजवळच्या मातीतून घेतलेले आहे.

हिरवी वही

कामांचा तक्ता ही सूचना लगेच स्वीकारते. शेवटची एक शंका. विद्यार्थ्यांना दोन्ही जीव एकाच बैठकीत सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे असतील तर जास्वंदीचा कोणता भाग घ्यावा? पानाचा छेद नीट जमेलच असे नाही.

सूक्ष्मदर्शी

परागकण घ्या. छेद घ्यावा लागत नाही आणि वर बीजांड यांनी सांगितलेला गुणसूत्रांचा मुद्दाही तिथेच दाखवता येतो. परागकोशावर काचपट्टी हलकेच टेकवली की पिवळे कण लागतात. त्यावर शैवाल असलेल्या पाण्याचा थेंब टाकून आच्छादक काच ठेवावी. जास्वंदीचा परागकण सपुष्प वनस्पतींतल्या मोठ्या परागकणांपैकी आहे. व्यास शंभर मायक्रोमीटरच्या वर, गोल आणि सगळीकडून बोथट काट्यांनी भरलेला. त्याच्याभोवती हिरवे ठिपके झरझर फिरताना दिसतील आणि एकेका काट्याशी त्यांची उंची ताडून पाहता येईल. कमी विशालनाने परागकण आधी स्थिर करून घ्यावा आणि मग विशालन वाढवावे.

आयोडीनचा थेंब अगदी शेवटी, काचेच्या कडेने सोडावा. त्याने पेशी मरतात आणि थांबतात, त्यामुळे एरवी न दिसणाऱ्या कशाभिका दिसू लागतात आणि पायरेनॉइडभोवतीचा स्टार्च गडद होतो. रिक्तिकांची उघडझाप मात्र आयोडीन घालण्यापूर्वीच पाहून घ्यावी, आणि तीही आच्छादक काचेखाली अडकून जागच्या जागी थरथरणाऱ्या पेशीत. पोहणाऱ्या पेशीत ती नजरेत टिकत नाही.